लेजर मशीन म्हणा, कॉम्प्युटर नको

१९८८ च्या पावसाळ्यात आमच्या शाखेत एक यंत्र आलं. सोबतच्या चलनावर, हेड ऑफिसच्या पत्रात, आवक रजिस्टरात, कुठेही ‘कॉम्प्युटर’ हा शब्द नव्हता. यंत्राचं नाव ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन, बोलताना एएलपीएम. पडदा होता, कीबोर्ड होता, फ्लॉपी होती, शेजारी करकरणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर होता. खोकं फोडता फोडता शिपाई म्हणाला, ‘‘साहेब, हा तर कॉम्प्युटरच की!’’ मॅनेजर साहेबांनी इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, ‘‘लेजर मशीन म्हण रे बाबा.’’

ते उत्तर हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्यामागे वीसेक वर्षांचं भांडण होतं आणि दोन लेखी करार होते. युनियन मजबूत आणि कर्मचारी नाराज असताना सरकारी बँकांत यंत्र कसं शिरलं, हे प्रकरण मला त्या नावापासूनच सुरू होताना दिसतं. शाखा पश्चिम महाराष्ट्रातली होती, बँक राष्ट्रीयीकृत. दोन्ही नावं इथे घेत नाही. मी तेव्हा बचत खात्यांच्या लेजरवर कारकून होतो आणि युनियनचा वर्गणी भरणारा सभासद, तेव्हा मला तटस्थ समजू नये.

आधी काम काय होतं

आज मोबाइलवर शिल्लक बघणाऱ्याला हे सांगावं लागतं. प्रत्येक खात्याला जाडजूड लेजरमध्ये एक पान. ग्राहकाने चेक दिला की त्याला पितळी टोकन मिळायचं, चेक लेजरवर यायचा, कारकून सही आणि शिल्लक बघून नोंद करायचा, अधिकारी त्यावर आद्याक्षरी करायचा, मग तो कॅशियरकडे. संध्याकाळी व्हाउचरांची बेरीज डे-बुकाशी जुळवायची. महिनाअखेरीला खरी परीक्षा, म्हणजे बॅलन्सिंग. लेजरमधल्या सगळ्या खात्यांच्या शिल्लकी उतरवून बेरीज करायची आणि ती जनरल लेजरच्या आकड्याला लागली पाहिजे. क्वचितच पहिल्या फटक्यात लागायची. मग फरक शोधा. फरकाला नऊने भाग गेला की समजायचं कुणीतरी ५४ चे ४५ लिहिलेत. सम आकडा असेल तर निम्म्या रकमेची नोंद चुकून दुसऱ्या बाजूला पडली का ते बघायचं. ही विद्या कुठल्या पुस्तकात नव्हती, ज्येष्ठांकडून मिळायची.

३० जून आणि ३१ डिसेंबरला सहामाही. बचत खात्यावर व्याज काढायला महिन्याच्या १० तारखेपासून अखेरीपर्यंतची किमान शिल्लक घ्यायची, ती प्रत्येक खात्याची, सहा महिन्यांची, हाताने. रात्री उशिरापर्यंत बसायचं, शाखेच्या खर्चाने जेवण, वर ओव्हरटाइम. घरच्या हप्त्यात त्या ओव्हरटाइमची जागा ठरलेली असे.

१९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा देशात व्यापारी बँकांच्या जेमतेम आठ हजार शाखा होत्या. १९९१ पर्यंत त्या साठ हजारांवर गेल्या. खाती वाढली, सरकारी योजनांची कर्जं वाढली, पण लेजर तेच, पेन तेच. मोठ्या शाखांत बॅलन्सिंग महिनोन् महिने मागे पडलेलं. एका शाखेने दुसरीवर काढलेल्या रकमांचा मेळ, ज्याला इंटर-ब्रँच रिकन्सिलिएशन म्हणतात, तो तर वर्षानुवर्षं थकलेला. त्या अंधारात अफरातफर लपून राहायची. व्यवस्थापनाला यंत्र हवं होतं ते निव्वळ माणसं कमी करायला, हा आमचा तेव्हाचा समज अर्धाच खरा होता. हिशेब खरोखरच हाताबाहेर गेला होता.

विरोध कुठून आला

भीती हवेतून आलेली नव्हती. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळाने संगणक आणायचं ठरवलं तेव्हा कलकत्त्यात कर्मचाऱ्यांनी इलाको हाउस या इमारतीवर पहारा बसवला होता. ती हकीकत युनियनच्या प्रत्येक शिबिरात सांगितली जायची. सरकारने मग ऑटोमेशनवर समिती नेमली. तिचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर. १९७२ च्या त्या अहवालाचा कल निवडक यांत्रिकीकरणाकडे होता. म्हणजे सरसकट बंदी नाही आणि मोकळं रानही नाही. बेकारी एवढी असताना यंत्राने माणसाची जागा घ्यावी का, हा प्रश्न त्या काळी अर्थशास्त्रज्ञही गंभीरपणे विचारत होते. आज त्याला मागासलेपणा म्हणणं सोपं आहे.

कायदाही युनियनच्या बाजूला थोडा झुकलेला होता. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम ९अ प्रमाणे चौथ्या अनुसूचीतल्या बाबतीत बदल करायचा तर मालकाने २१ दिवसांची नोटीस द्यायला हवी होती, आणि कामगार कपातीकडे नेऊ शकणारी तंत्रातली सुधारणा त्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलेली होती. नोटीस दिली की वाद, वाद झाला की समेटाची कार्यवाही, ती चालू असेतो आहे ती स्थिती ठेवा. न्यायाधिकरणापर्यंत गेलं तर वर्षं जाणार. थोडक्यात, हुकूम काढून यंत्र आणण्यापेक्षा टेबलावर बसणं बँकांना जवळचं पडत होतं.

आणि टेबल तयार होतं. १९ ऑक्टोबर १९६६ ला पहिला द्विपक्षीय करार झाला तेव्हापासून इंडियन बँक्स असोसिएशन एका बाजूला आणि कर्मचारी संघटना दुसऱ्या बाजूला, अशी देशभराची एकच वाटाघाट चालायची. मुंबईच्या कारकुनाचा पगार आणि मालवणच्या कारकुनाचा पगार एकाच कागदावर ठरायचा. त्याआधी शास्त्री आणि देसाई न्यायाधिकरणांच्या निवाड्यांनी (इंग्रजीत ‘अवॉर्ड’) पगार ठरवले, म्हणून कारकून-शिपायांना अजूनही ‘अवॉर्ड स्टाफ’ म्हणतात. एआयबीईए, म्हणजे ऑल इंडिया बँक एम्प्लॉईज असोसिएशन ही मोठी संघटना, तिने सही केली की ती सही गावोगावच्या शाखेत पाळली जायची. १९८२ साली त्यातून बाहेर पडून बेफी (बँक एम्प्लॉईज फेडरेशन ऑफ इंडिया) उभी राहिली, तिचा संगणकाला विरोध जास्त कडवा होता. तरीही सही करणारा आणि ती निभावणारा एकच, ही गोष्ट कायम राहिली.

याचं महत्त्व कळायला त्याच वर्षातली गिरणगावची गोष्ट शेजारी ठेवून बघावी. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. कामगार दत्ता सामंतांच्या मागे, पण मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ प्रमाणे करार करायचा अधिकार फक्त मान्यताप्राप्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. ज्याच्याकडे सही होती त्याच्याकडे माणसं नव्हती, आणि ज्याच्याकडे माणसं होती त्याला सही नव्हती. गिरण्यांची जुनी यंत्रं, बदलीवाल्यांचे हाल, आधुनिकीकरण, यातल्या कशावरच बोलणी उभी राहू शकली नाहीत. तो संप रीतसर कधी मागेसुद्धा घेतला गेला नाही. गिरणी मालकांचे हेतू वेगळे होते हे मान्य, तरी बँका आणि गिरण्या यांच्यातला हा फरक मला सगळ्यात मोठा वाटतो. युनियन बळकट असणं बदलाच्या आड येतं असं मॅनेजमेंटच्या वर्गात शिकवतात. बँकांत ती बळकट होती म्हणूनच करार टिकला.

मान्यता नको, मोजमाप करू

८ सप्टेंबर १९८३ ला यांत्रिकीकरणावर पहिला मोठा करार झाला. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेने डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९८४ साली तिने आराखडा दिला : शाखेत लेजर पोस्टिंग मशीन, विभागीय कार्यालयात मिनी कॉम्प्युटर, मुख्यालयात मोठा संगणक. २९ मार्च १९८७ ला दुसरा करार झाला.

या करारांची खुबी अशी की संगणक चांगला की वाईट, या प्रश्नाला त्यांनी हातच लावला नाही. युनियनने ‘संगणकीकरण मान्य’ असं म्हणावं, हा हट्ट व्यवस्थापनाने धरला नाही आणि आपला तात्त्विक विरोध मागे घेतल्याचं युनियनला कधी जाहीर करावं लागलं नाही. बोलणी झाली ती आकड्यांवर. कुठल्या पातळीवर कुठलं यंत्र, किती, कोणत्या कामासाठी. कपात करायची नाही. बाहेरून माणसं न आणता आहेत त्यांनाच शिकवायचं. यंत्रावर बसणाऱ्याला विशेष भत्ता. आणि शब्द जपून वापरायचे. ‘मशीन’ आधीपासून होतीच की, बेरजेची, नोटा मोजायची! त्यात आणखी एक. एएलपीएम हे नाव म्हणजे दोन्ही बाजूंना आपापल्या लोकांसमोर उभं राहता यावं म्हणून ठेवलेला आडोसा होता. आडोसा आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि तो कुणी पाडला नाही.

आमच्या शाखेत

दिल्ली-मुंबईत सही झाली म्हणजे शाखेत झालं असं नसतं. आमचे मॅनेजर सज्जन होते, पण घाईचे. यंत्र येण्याआधीच त्यांनी बी.कॉम. झालेला, टायपिंग येणारा एक चुणचुणीत मुलगा मनाशी धरला आणि ट्रेनिंगला पाठवायचं पत्र तयार केलं. ज्येष्ठता यादी बघितलीच नाही. आमचे युनियन सेक्रेटरी, सगळे त्यांना अण्णा म्हणत, पत्र टाइप व्हायच्या आत केबिनमध्ये. ‘‘साहेब, भत्त्याची जागा आहे ही. यादीने जाईल.’’ साहेब म्हणाले, ‘‘अहो, यादीत वर आहेत त्यांना चष्मा लावून वर्तमानपत्र दिसत नाही.’’ हे बाहेर गेलं. दोन दिवस नियमाने काम सुरू झालं, म्हणजे प्रत्येक सही नमुन्याशी ताडून, प्रत्येक व्हाउचर दोनदा बघून. काउंटरवर रांग रस्त्यापर्यंत गेली. तिसऱ्या दिवशी यादीने विचारणा झाली.

गंमत पुढेच आहे. यादीतल्या पहिल्या चौघांनी लेखी नकार दिला. पाचवे पन्नाशीचे, बॅलन्सिंगमधले दादा माणूस. नऊने भाग घालायची युक्ती मला त्यांनीच शिकवलेली. त्यांनी होकार दिला. कारण विचारलं तर म्हणाले, ‘‘केबिनला एसी आहे.’’ खरंच होता. मॅनेजरला पंखा आणि मशीनला एसी, दाराबाहेर चपला काढायच्या. मे महिन्यात त्या खोलीत प्रत्येकाचं काहीतरी काम निघायचं.

पहिले काही महिने दुहेरी काम चाललं. लेजरमध्ये हाताने आणि मशीनवरही. याच काळात खरी कुरकुर झाली, कारण वचन कमी कामाचं होतं आणि पदरात दुप्पट पडलं. व्यवस्थापनाने या टप्प्यासाठी एक जादा माणूस दिला असता तर निम्मी कटुता वाचली असती असं मला अजून वाटतं. त्यात लोडशेडिंग. फ्लॉपी खराब झाली की सकाळचं सगळं पुन्हा.

वारं फिरलं ते एका महिनाअखेरीला. मशीनवरच्या बचत खात्यांचं बॅलन्सिंग त्याच संध्याकाळी लागलं आणि शेजारच्या टेबलावर हाताने चाललेल्या चालू खात्यांचा फरक अकराव्या दिवशी सापडला. पन्नाशीचे गृहस्थ साडेपाचला डबा उचलून निघाले. त्या दिवशी कुणी भाषण केलं नाही. पण पुढच्या आठवड्यात चालू खात्याच्या लेजरवरचा कारकून अण्णांना विचारत होता, दुसरं मशीन आपल्या कोट्यात बसतं का?

बसत नव्हतं. तडजोडीची किंमत इथे दिसते. करारातल्या मर्यादेमुळे एका शाखेत बचत खाती पडद्यावर आणि चालू खाती कागदावर, असा संसार वर्षानुवर्षं चालला. मशीन सुटी, एकीला दुसरीचं माहीत नाही, शाखेला शाखेचं तर नाहीच. १९९२ चा रोखे घोटाळा उघडकीस आला तेव्हा सरकारी रोख्यांची नोंद ठेवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या सार्वजनिक ऋण कार्यालयातली हाताने चालणारी खतावणी किती मागे राहते, हे देशाने बघितलं. यंत्र वेळेवर असतं तर घोटाळा झालाच नसता असं मी म्हणणार नाही, लबाडाला यंत्रही चालतं. पण संथ हिशेबाने त्याला वेळ मिळवून दिला.

पेन्शनची तारीख

तिसरा करार २९ ऑक्टोबर १९९३ चा. याने संगणकीकरणाची कवाडं बरीच उघडली. शब्दही आता उघड वापरात आला होता. आणि बँक कर्मचाऱ्यांना भविष्य निर्वाह निधीतल्या बँकेच्या हिश्श्याऐवजी पेन्शन देण्याचा करार कधीचा? २९ ऑक्टोबर १९९३. दोन कागद, तारीख एक. कुणी म्हणेल योगायोग. ज्याने आयुष्यात एकदा तरी वाटाघाटीच्या खोलीबाहेर चहा पीत वाट बघितली आहे, तो म्हणणार नाही.

पेन्शनचं मोल तेव्हा सगळ्यांना कळलं नाही. फंडाची एकरकमी रक्कम बरी म्हणून कितीकांनी पर्याय घेतला नाही आणि नंतर हळहळले. त्यांना दुसरी संधी मिळायला २०१० चा करार यावा लागला. पण नेतृत्वाला कळलं होतं. भत्त्याच्या बदल्यात मशीन, हा जुना सौदा मागे पडून म्हातारपणाच्या बदल्यात संगणक, असा नवा सौदा झाला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत शहाणी चाल हीच. यंत्रामुळे ज्यांचं काम बदलणार होतं, त्यांची मुख्य चिंता नोकरीच्या शेवटाची होती, आणि नेमकी तीच मिटवली गेली.

पुढचं वेगाने झालं, कारण दाब बाहेरून आला. १९९४-९५ मध्ये आयसीआयसीआय, एचडीएफसी यांसारख्या नव्या खासगी बँका जन्मापासून संगणकावर उभ्या राहिल्या. शहरातला पगारदार ग्राहक तिकडे सरकू लागला. मग केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विट्ठल यांनी फर्मान काढलं की सरकारी बँकांचा ७० टक्के व्यवसाय १ जानेवारी २००१ पर्यंत संगणकावर यायला हवा. कारण दिलं भ्रष्टाचाराला आळा. या युक्तिवादाला युनियन उघडपणे विरोध करूच शकत नव्हती, आणि माझ्या अंदाजाने तोवर तिला करायचाही नव्हता.

किंमत कुणी मोजली

२०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती योजना आली. पंधरा वर्षं नोकरी किंवा वयाची चाळिशी झालेल्याला दर वर्षामागे ६० दिवसांचा पगार किंवा उरलेल्या नोकरीचा पगार, यांपैकी कमी असेल ते. सुमारे एक लाख माणसं बाहेर पडली, त्यातली वीस हजारांहून जास्त एकट्या स्टेट बँकेची. एकालाही कामावरून काढलं नाही. १९८३ चं वचन अक्षरशः पाळलं गेलं.

पण जागा गेल्याच. नव्वदच्या दशकात कारकुनी भरती आटत गेली, निवृत्तांच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, पुढे बँकिंग सेवा भरती मंडळंही गुंडाळली गेली. आमच्या गावात वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर बँकेच्या परीक्षांची तयारी करणारी पोरं असायची. अंकगणिताचे कागद, इंग्रजीचे उतारे, जुने पेपर. १९९० नंतर तो मजला ओस पडत गेला. करार करणाऱ्या दोन्ही बाजूंनी आपापल्या माणसांचं बघितलं आणि उत्तम बघितलं. जी पोरं अजून कुणाची सभासद नव्हती, त्यांच्या वतीने टेबलावर कुणी बसलेलं नव्हतं. या बाबतीत मी युनियनला दोष देत नाही, मीही त्याच टेबलाच्या आतल्या बाजूचा. पण या प्रकरणाला ‘यशस्वी बदल’ असं लेबल लावताना तो मजला मला आठवतो.

दुसरी किंमत शाखांनी मोजली. स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्यांत ज्यांना बाहेर काही करता येईल असे हुशार जास्त होते. आमच्याकडे अण्णांनीच अर्ज टाकला. ज्यांनी केबिनमध्ये जाऊन पहिलं पत्र थांबवलं होतं, ते नंतरच्या दहा वर्षांत सिस्टिमचे जाणकार झाले होते. बॅकअप कुठल्या टेपवर, डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब सिस्टिमवर बंद करणं, कुठल्या पायरीला अडकतो, सगळं त्यांच्या डोक्यात, कागदावर काहीच नाही. ३१ मार्चला नारळ-शाल झाली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एके रात्री डे-एंड अडकला तो सुटेना. नवे मॅनेजर साडेनऊला त्यांच्या घरी फोन लावून बसले.

अण्णा आले, पायजमा-शर्टवर. चपला दाराबाहेर काढल्या, तो नियम केव्हाच मोडीत निघाला होता तरी. वीस मिनिटांत काम झालं. निघताना मॅनेजरनी आभार मानले, चहा मागवला. अण्णा म्हणाले, ‘‘चहा राहू दे हो साहेब. भत्त्याचं कसं करताय?’’